लागले नाही, तरी इजा झाली

सामान्य काळातील पंचविसावा रविवार, वर्ष ‘अ’
शुभवर्तमान : संत मत्तय २०:१-१६



मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातली आठवीतली एक मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी ‘हर्ट’ आणि ‘इंज्युअर’ ही दोन क्रियापदे देऊन त्यांच्यातला फरक लिहून आणायला सांगितला होता. “फादर, दोन्हींचा अर्थ लागणं, दुखापत होणं असाच ना?” मी घाईत होतो. बाप्तिस्म्यासाठी आलेली कुटुंबे बाहेर खोळंबली होती. “हो गं, जवळजवळ तेच,” असे म्हणून मी तिला वाटेला लावले. संध्याकाळी या रविवारच्या प्रवचनाची तयारी करायला बसलो, आजचे शुभवर्तमान उघडले आणि लक्षात आले की आपण त्या लेकराला चुकीचे उत्तर दिले आहे.

‘हर्ट’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ धडक देणे. एडका मान खाली घालून समोरच्याला टक्कर देतो, तशी धडक. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. धडक बसली की दुखते. दुखले की माणूस ओरडतो. ‘हर्ट’ म्हणजे एवढेच, जे लागते ते.

‘इंज्युअर’चे घराणे वेगळे आहे. तो लॅटिनमधल्या ‘इनयुरिया’ या शब्दावरून आला. ‘इन’ म्हणजे नाही, आणि ‘यूस’ म्हणजे न्याय, हक्क. ‘जस्टिस’ आणि ‘ज्युरी’ हे शब्द याच घरातले. म्हणजे ‘इंज्युअर’ करणे याचा मूळ अर्थ अन्याय करणे, ज्याचे जे आहे ते त्याला नाकारणे. आपला ‘अन्याय’ हा शब्दही तसाच घडला आहे, न्यायाच्या मागे नकार जोडून. इंग्रजीत आधी ‘इंज्युरी’ हे नाम आले, क्रियापद त्यानंतर. हाडामांसाची जखम हा अर्थ त्याला आणखी मागाहून चिकटला. आज मात्र वर्तमानपत्रात खेळाडू ‘इंज्युअर्ड’ झाल्याची बातमी आली की आपल्याला त्याचा गुडघाच आठवतो. मूळ अर्थ मागे पडला.

पण सगळीकडे तो मागे पडलेला नाही. आपल्यातल्या काही कुटुंबांची मुळे गोव्याकडे आहेत. त्यांच्या घरच्या जुन्या माणसांना पोर्तुगीज येत असेल तर त्यांना विचारा. पोर्तुगीजमध्ये ‘इंझुरिया’ म्हणजे अपमान, कोणाच्या अब्रूला लावलेला बट्टा. फ्रेंचमध्येही या शब्दाचा अर्थ शिवीगाळ, अपमान असाच आहे. आपण मराठीत ‘इजा’ म्हणतो तो शब्द यांच्यापैकी कोणाचाच नातेवाईक नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ त्रास, पीडा. तोही सुरुवातीला फक्त शरीरापुरता नव्हता.

कायद्याने हा फरक जपून ठेवला आहे, हे मला अलीकडेच एका वकील धर्मबंधूंनी दाखवून दिले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘हर्ट’ची व्याख्या वेगळी आणि ‘इंज्युरी’ची वेगळी होती. हर्ट, म्हणजे आपली पोलीस ठाण्यातली ‘दुखापत’, ही शरीराच्या वेदनेपुरती, रोगापुरती, दुबळेपणापुरती. इंज्युरीची व्याख्या मात्र चार ठिकाणी पोचते. शरीर, मन, नावलौकिक आणि मालमत्ता, यांपैकी कशालाही बेकायदेशीरपणे पोचवलेली हानी म्हणजे इंज्युरी. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण ही व्याख्या तशीच पुढे चालत आली आहे.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. द्राक्षमळ्याच्या धन्याचा हा दाखला तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या बाजूच्या लोकांना फारसा समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणी आता तोंडावर आली आहे. पहाटे मजुरांच्या टोळ्या गाड्यांत भरून बागांकडे निघतात ते तुम्ही पाहता. ज्यांना टोळीत घेतले जात नाही ते नाक्यावर उभे राहतात, हेही पाहता. दुपारी तीनला तिथे कोण उरलेले असते? म्हातारा, लंगडणारा, कडेवर मूल असलेली बाई. दाखल्यातले शेवटचे मजूर आळशी होते असे येशू कुठेही म्हणत नाही. त्यांना कोणी कामाला लावले नव्हते, एवढेच ते सांगतात. धनी त्यांना तासाभराच्या कामाची पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण पोट तासाभराचे नसते.

यावर सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. दिवसभर ऊन आम्ही सोसले आणि आमची बरोबरी यांच्याशी! त्यांच्यातल्या एकाला धनी ‘मित्रा’ म्हणून हाक मारतो आणि सांगतो की त्याने त्याच्यावर काही अन्याय केलेला नाही, ठरलेली मजुरी त्याला मिळाली आहे. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये भाषांतर करताना या ठिकाणी नेमका ‘इनयुरिया’ हा शब्द ठेवला. (येत्या ३० तारखेला संत जेरोम यांचा सण आहे, त्या दिवशी बायबल उघडून ही ओळ पुन्हा वाचावी.) मूळ ग्रीकमध्येही ‘दिके’ म्हणजे न्याय या शब्दाला नकार लावून झालेले क्रियापद आहे. धन्याच्या बोलण्यात शरीराचा, थकव्याचा, उन्हाचा विषयच नाही. तुझे जे होते ते तुझ्याकडून कोणी घेतले का, एवढेच तो विचारतो.

त्या मजुराला वाईट वाटले, यात शंका नाही. त्याला ‘हर्ट’ झाले, ‘इंज्युअर’ कोणी केले नाही. शेजाऱ्याच्या ताटात जास्त पडले म्हणून आपले पोट दुखू लागते, तसे ते दुखणे. पुढे धनी त्याला जो प्रश्न करतो त्यात ग्रीक भाषेत ‘वाईट डोळा’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे दुसऱ्याची दृष्ट लागते म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. येशूच्या दाखल्यात ज्याची नजर वाईट त्यालाच ती बाधली आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची भांडणे या जातीची असतात हे मी कबुलीच्या खुर्चीत न बसताही सांगू शकतो. वाचनाची पाळी दुसऱ्याला दिली, सणाच्या दिवशी पहिल्या बाकावर कोणाला बसवले, फलकावर कोणाचे नाव आधी आले. यात दुखते, पण कोणाचा हक्क बुडत नाही. अशा दुखण्यांवर मी आज अधिक वेळ घालवणार नाही. मला बोलायचे आहे ते उलट प्रकाराबद्दल. तिथे कोणी ओरडत नाही, रक्त येत नाही आणि तरीही इजा झालेली असते.

साताऱ्यात संध्याकाळी ‘चार भिंती’वर फिरायला जाणारे आपल्यात बरेच आहेत. तिथल्या स्मारकाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या रंगो बापूजींची हकिगत तुम्ही ऐकली असेल. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनीच १८१८ मध्ये पुन्हा गादीवर बसवले आणि पुढच्या वर्षी त्यांच्याशी करार केला. महाराजांनी कारभार चांगला केला. रस्ते, शहराचे पाणी, शाळा यांकडे लक्ष दिले. पुढे जहागिरींच्या हक्कांवरून त्यांचे मुंबई सरकारशी बिनसले. मग कुजबुज सुरू झाली. महाराजांनी म्हणे कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले, म्हणे गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधले. १८३६ मध्ये चौकशीची समिती बसली. साक्षी झाल्या, पत्रे पुढे आली. ज्याच्यावर आरोप होते त्याने आरोपांची प्रत मागितली आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी मागितली. ती त्याला शेवटपर्यंत नीट मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक सोपा मार्ग ठेवला. करार मोडल्याची कबुली देणाऱ्या कागदावर सही करा आणि गादी राखा. आजच्या भाषेत, मिटवून टाका. महाराजांनी सही केली नाही. जे केले नाही ते केले असे लिहून देण्यापेक्षा त्यांनी राज्य सोडणे पत्करले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले, धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी मिळाली आणि महाराजांची रवानगी काशीला झाली. तिथे त्यांना खर्चासाठी नेमणूक होती, नोकरचाकर होते. अंगावर कोणी हात टाकला नाही. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. दंड संहितेतल्या व्याख्येतली चार स्थाने आठवा. शरीर तेवढे सुटले होते.

रंगो बापूजी महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, तिथे लढत राहिले. परकी भाषा, परका देश, हातातला पैसा संपत चाललेला. ज्यांच्यासाठी गेले ते महाराज वारले, १८४८ मध्ये सातारचे राज्यही खालसा झाले, तरी हा माणूस अर्ज लिहीतच होता. संसद सदस्य जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही सांगायला हवे. मागणी काय होती? आमच्या धन्याचे म्हणणे ऐकून घ्या. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात निकदेम हेच विचारतो : माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का? निकदेमाला त्याच्या सोबत्यांनी टोमणा मारून गप्प केले. रंगो बापूजींनाही दाद मिळाली नाही. १८५७ मध्ये त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फासावर गेला आणि ते स्वतः नाहीसे झाले.

साताऱ्याचीच आणखी एक आठवण, ही खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेली. १९०१ मध्ये लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरला. न्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, ती मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्रभर कोणी त्यांना पाणी दिले नाही. त्या पोरांना कोणी चापट मारली नव्हती. आपल्यातल्या काही घरांच्या आजोबा-पणजोबांनीही असे प्रवास केलेले आहेत आणि या मंदिरात एकाच पेल्याभोवती जमताना ते विसरून चालणार नाही.

बंधू-भगिनींनो, राजाची आणि बाबासाहेबांची गोष्ट ऐकताना आपल्याला राग येतो, कारण त्यात अन्याय करणारे आपण नसतो. म्हणून आता आपल्या घरातले बोलतो. लग्नाचे स्थळ आले की चौकशीचा फोन येतो. “मुलगी कशी आहे?” आपण म्हणतो, “मुलगी चांगलीच आहे हो, पण...” आणि थांबतो. त्या ‘पण’च्या पुढे आपण काहीच बोललेलो नसतो, म्हणून आपल्याला खोटे बोलल्याचे पापही वाटत नाही. शेताचा बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने कोरणारा माणूसही कोणाला मारत नाही. धुण्याभांड्याच्या बाईची दोन दिवसांची रजा पगारातून कापताना आवाजही होत नाही. आपल्या चर्चच्या कॅटेकिझममध्ये आठव्या आज्ञेखाली तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत : खोटा आळ घेणे, खरा पण झाकलेला दोष कारण नसताना उघड करणे, आणि पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष, मनातल्या मनात का होईना, खरा धरणे. परिच्छेद २४७७ वाचा. तिसरे पाप सर्वांत सोपे, कारण त्यासाठी तोंडही उघडावे लागत नाही.

ते मी केले आहे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात तिथल्या सणाची मिस्सा झाली आणि दानाच्या रकमेचे एक पाकीट मोजणीत कमी भरले. दान गोळा करणारे एक काका होते. आयुष्यभर कंडक्टरकी केलेले, रोज रात्री पै-पैचा हिशेब देऊन मग झोपलेले. त्यांच्यावर कोणी आळ घेतला नाही. कोणी त्यांना विचारलेसुद्धा नाही. मीच पुढच्या रविवारी दानाची थैली एका तरुणाच्या हाती दिली आणि काकांना म्हणालो, “तुम्ही आता आराम करा. किती वर्षं फिरवणार?” ते “बरं” म्हणाले. त्या दिवसापासून ते शेवटच्या बाकावर बसू लागले. लोकांनी बाक पाहिला आणि काय समजायचे ते समजले. लोक शहाणे असतात, त्यांना सगळे सांगावे लागत नाही.

आगमन काळ आला. जांभळे झगे काढायला सेक्रिस्टीतला खालचा खण उघडला तेव्हा झग्यांखाली ते पाकीट होते. वर रक्कम लिहिलेली, अक्षर माझेच. सणाच्या गर्दीत कोणीतरी हाक मारली असेल, मी हातातले पाकीट पटकन तिथे सरकवले असेल. काही आठवत नव्हते. सात महिने झाले होते.

मी पैसे भरले, समितीला सांगितले. दारात काका भेटले तेव्हा म्हणालो, “काका, ते पाकीट सापडलं बरं का.” ते म्हणाले, “चांगलं झालं, फादर.” पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन केले, मुक्ती मिळाली. मला वाटले, विषय संपला. कॅटेकिझमचा परिच्छेद २४८७ मला पाठ होता, दहा वर्षे इतरांना शिकवत होतो. क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते, आणि ज्याचे नाव डागाळले त्याची भरपाई, उघडपणे करता येत नसेल तर, गुपचूप करावी लागते, असे तो सांगतो. जखयने परत देण्याची भाषा केली तीसुद्धा सगळ्यांच्या देखत, उभे राहून.

नाताळाच्या आधी घरे आशीर्वादित करायला निघालो आणि त्यांच्याही घरी गेलो. प्रार्थना झाली, काकूंनी चहा ठेवला. काका बराच वेळ बशीकडे पाहत होते. मग म्हणाले, “फादर, पाकीट सापडलं हे सगळ्यांना कळलं. पण ते मी घेतलं नव्हतं, हे कोण सांगणार?”

मी म्हणालो, “काका, तुम्ही घेतलं असं तर कोणीच...” आणि थांबलो. चहा तसाच राहिला.

त्या रविवारी आशीर्वादाच्या आधी, सूचनांच्या वेळी, मी वेदीजवळ उभा राहून सांगितले. पाकीट मी ठेवले होते, मी विसरलो होतो, आणि विचारल्याशिवाय मी एका माणसाच्या हातून थैली काढून घेतली होती. त्यांचे नाव घेऊन माफी मागितली. दोन मिनिटेही लागली नाहीत. सात महिने जे जमले नाही ते दोन मिनिटांचे होते. मात्र काका त्या दिवशी मंदिरात नव्हते. लेकीकडे कऱ्हाडला गेले होते. मी जे बोललो ते त्यांच्या रिकाम्या बाकाकडे पाहून बोललो. त्यांना कोणी ना कोणी फोनवर कळवले असणार.

जानेवारीत ते परत आले. आले ते त्याच शेवटच्या बाकावर. अर्पणाच्या वेळी तो तरुण आपण होऊन थैली घेऊन त्यांच्याकडे गेला, थैली त्यांच्या पुढे धरली. काकांनी खिशातून नोट काढून तिच्यात टाकली आणि म्हणाले, “तूच फिरव बाळा. माझे गुडघे दुखतात आता.”

गुडघे खरेच दुखत होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.